नाक धरा

निवतीच्या शाळेत दुसरीचा वर्ग.
फळ्यावर मी देवमासा काढला,
शेपूट जरा वाकडंच आलं.
म्हटलं, हा मासा नाही.

"नावातच मासो आसा, बाई,"
गौरांग मेतर बसल्याजागी बोलला.
सगळे हसले.
मी घाटावरची. माझ्या गावात
पाणी म्हणजे विहीर,
तीही मार्चपर्यंत.

पिल्लाला दूध पाजतो तो सस्तन,
पुस्तकातलं वाक्य दोनदा वाचलं.
खिडकीतून सुक्या बांगड्याचा वास,
कुणी पेन्सिल चावत होतं.

मग मागच्या ओळीतून दीक्षा खवणेकर,
जी एरवी हजेरीलाही मान हलवते:
"बाई, आमच्या जाळ्यात गादा गावलो.
मेलो.
बाबा म्हणालो, बुडान मेलो."

(गादा म्हणजे डॉल्फिन,
हे मला इथं येऊन कळलं.)

"बुडान?" गौरांग थांबला.
"पाण्यातलो कसो बुडतलो?"

पुस्तकात याचं उत्तर
चौकटीत दिलेलं नव्हतं.
मी खडू खाली ठेवला.
तोंड मिटा, म्हटलं, नाक धरा.
आणि मोजायला लागले.

सोळापर्यंत कसेबसे पोचलो
तर अकरा तोंडं एकदम उघडली,
तशीच,
जशी दीपस्तंभापलीकडे
एक काळी पाठ वर येते,
फुस्स करते,
पुन्हा आत.

"तो पण असोच वर येता?"
"असाच. आणि जाळं वर येऊ देत नाही."

दीक्षाने नाक अजून सोडलं नव्हतं.
कानापर्यंत लाल झाली होती.
मी बाकांमधून वाट काढत गेले,
तिची बोटं
एकेक करून सोडवली.