तीट

हमरियाचं गोदाम, एकतीस डिसेंबर,
पत्र्याखाली वंगणतेलाची चारशे बारा पिंपं.
मी मोजते मराठीत,
बीरान मोजतो मलयाळममध्ये,
शंभराशंभराला थांबून
एकमेकांकडे बघतो : जुळलं.

पोतनीस दाराशी, एसीसाठी गाडी चालूच ठेवलेली.
"मॅडम, पिंपं काय पळून जाणार आहेत?"

एका पिंपाच्या बुडाशी, कुणी बघत नसताना,
मी मार्करने काळा ठिपका ठेवला.
का, ते आत्ताही नीट सांगता येत नाही.
बाळाला बाहेर नेताना लावतात ना
कानामागे, तशी.
दृष्ट लागू नये म्हणून नव्हे,
माझी लागावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी अजमान.
दुसरं गोदाम, दुसरी पाटी,
वहीत दुसरी चारशे पिंपं.
तिसऱ्या रांगेत गुडघा टेकला
तर तीट माझ्याकडे बघत होती.

ताळेबंद देखणा होता.
दोन्ही बाजू सारख्या, सह्या वळणदार,
बँकेचं पत्र पोतनीसांनी
स्वतःच्या हाताने आणून दिलेलं, उघड्या पाकिटात.
लेखापरीक्षण समितीवर तिघे :
मालकांचे व्याही, मालकांचे मेहुणे
आणि एक गोल्फचा भिडू.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
ही आठ लाख दिरहमांची होती.

माझ्या डोक्यात वाक्य जुळू लागलं :
'खालील बाब वगळता, आमच्या मते...'
वगळता.
किती मऊ शब्द.
एक अख्खं गोदाम मावतं त्यात.

बीरान इथेही होता.
डोळे लाल, नखांत ग्रीस,
फोर्कलिफ्टची किल्ली खिशाबाहेर लोंबत.
मी वाकले ते त्याने पाहिलं,
आणि पाहिलं नाही असं दाखवलं नाही.

काळा चहा घेऊन आला, साखर जास्त.
व्हिसा त्याचा कंपनीचा,
पासपोर्ट पोतनीसांच्या खणात,
तीन महिन्यांचा पगार 'देणी'मध्येसुद्धा नाही.
मला वाटलं, म्हणेल, लिहू नका.

म्हणाला, "मॅडम, रात्री फटाके संपल्यावर
गाडी भरायला घेतली, दीडला.
फजरच्या अजानला शेवटचं पिंप उतरवलं.
तो ओव्हरटाइम त्यांनी कुठेच मांडला नाही.
तुमच्या कागदात येईल का?"

मी पेनाचं टोपण काढलं.
"दीड," मी विचारलं, "की पावणेदोन?"