अठ्ठाविसावा दिवस

धुळ्याच्या पॉलिटेक्निकात मी लोटन,
लॅब अटेंडंट, एकतीस वर्षं.
शाळा नववीपर्यंत. बाकी सगळं
चाळण्या पुसता पुसता, दाराआडून.

काळी माती मला घरूनच माहीत:
पावसात चप्पल सोडत नाही,
चैत्रात तिच्या भेगेत म्हशीचा खूर अडकतो.
इथं तिला पितळी वाटीत थापतात,
मधोमध चर ओढतात, हँडल फिरवतात,
टक, टक, टक.
पंचविसाव्या टकेला चर मिटला
तर तेवढ्या पाण्याला म्हणायचं द्रवसीमा.
इथून पुढं ती धरून राहत नाही, वाहते.
"माणसाची काढता येते का, सर?"
बाविस्करांच्या पोरीनं एकदा विचारलं.
सैंदाणे सर हसले नाहीत.
परीक्षेला येत नाही, एवढंच म्हणाले.

जुन्या डंपीतून जग उलटं दिसतं.
पहिल्या दिवशी पोरं हमखास खिदळतात:
स्टाफ धरून मी, डोकं खाली, पाय आभाळात.
"लोटनभाऊ, हलू नका!"
एकतीस वर्षं मी असा उलटा उभा,
आणि त्यांच्या वहीत माझ्या पायाखालची उंची
मिलिमीटरपर्यंत बरोबर.

बाप पाटकरी होता, पांझरेच्या फडावर.
कडुनिंबाचं पान पाटात सोडायचा,
त्याच्या शेजारून चालायचा, ओठात काहीतरी मोजत.
पान रेंगाळलं तर पुढं गाळ,
धावलं तर खाली कुणीतरी रात्रीचं बारं फोडलंय.
मला नोकरी लागली त्या साली आला होता,
फ्लूमच्या काचेला नाक लावून बसला.
पोरांनी बुचाचा तुकडा सोडलेला, हातात घड्याळ.
"हाई शिकाले पैसा भरतस?"
मी म्हटलं, हा.
मग बुचाऐवजी पान सोडा म्हणाला.
पान कुणाकडंच नव्हतं.

गेल्या महिन्यात तीन ठोकळे आले, भुशात गुंडाळून.
चिठ्ठीवर आमच्या गावाचं नाव:
बंधाऱ्याची दुरुस्ती, एम-ट्वेंटी, ओतल्याची तारीख.
टाकीत मीच बुडवले.
रोज संध्याकाळी कुलूप लावताना एकदा वाकून बघायचो,
का, ते नाही सांगता येणार.
अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनखाली ठेवला पहिला.
काटा साडेचारशेच्या पुढं जायला हवा.
तीनशे दहाला आवाज आला,
कोरडा, एकच.
दुसरा दोनशे नव्वद.
तिसरा लावायच्या आधी मी चहा पिऊन आलो.
तीनशे.

रिपोर्ट न्यायला रमाकांत आला.
पाच वर्षांपूर्वी माझ्याच समोर स्लम्प काढायचा,
शंकू उचलताना हात थरथरायचा त्याचा.
आता कंत्राटदाराचा इंजिनियर, बुटांना सिमेंट.
"पहिल्याच आकड्याचा प्रश्न आहे, लोटनभाऊ.
तिनाचा पाच करा. दोनाचाही.
अजून पाणी कुठं सोडलंय त्यांनी."

मी फुटक्या ठोकळ्यातली खडी उचलली.
अंगाला पिवळसर साल होती तिच्या.
जिभेला लावली.
गाळ. न धुतलेली रेती.
हाच गाळ बाप कमरेइतक्या पाटात उतरून
फावड्यानं काढायचा,
घरी आल्यावर त्याच्या मिशीला हाच वास.
रमाकांतला हे काही सांगितलं नाही.
त्याच्या तळहातावर खडी ठेवली,
वही ओढली आणि लिहिलं:
तीनशे दहा. दोनशे नव्वद. तीनशे.
खाली सही. माझी सही मोठी येते, रेघेबाहेर जाते.

तो गेला नाही लगेच.
अंगठ्यानं खडीची साल खरवडत राहिला,
वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखा.
बाहेर मैदानातून पहिल्या वर्षाचा गलका:
"लोटनभाऊ, स्टाफ!"
मी गेलो. ऊन टळटळीत होतं.
पायरीवरच्या बेंचमार्कवर स्टाफ टेकवला
आणि हललो नाही.