रिकामी जागा

वूचमध्ये, जुन्या सूतगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आमच्या शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन.
बोग्नाच्या टेबलावर तिची नदी:
कधीकाळी रस्त्याखाली पाइपात कोंडलेली,
आता निळ्या रेझिनची, उघड्यावर आलेली.
काठानं वाळक्या शेवाळाची एकशे बारा झाडं,
एकेक चिमट्यानं रोवलेलं.
रात्रभर जागून डोळे लाल.

परीक्षक यायला अर्धा तास होता.
तेवढ्यात रखवालदार झेनोन आला,
किल्ल्यांचा जुडगा छातीशी धरून वाकला,
बोटानं आपली गल्ली शोधू लागला.
बेकरी. वळण. कोळशाचं आवार.
मग बोट थांबलं.
"इथं माझी कबुतरं असतात. सव्वीस.
झाडं छान आहेत गं पोरी,
पण खुराडं कुठाय?"

पालिकेच्या नकाशात तिथं लिहिलं होतं: रिकामी जागा.
बोग्ना दोनदा जाऊन आली होती,
दोन्ही वेळा मान खाली, हातात टेप.

ती काही बोलली नाही.
चिमटा घेतला, एक झाड उपटलं,
मग शेजारचं.
फोममध्ये दोन भोकं उरली.
पडलेल्या दाताकडे जीभ जावी
तशी सगळ्यांची नजर तिथंच.

"हे अर्धवट राहिलंय का?" परीक्षकांनी विचारलं.
"नाही," ती म्हणाली, "इथं आधीच कुणी राहतं."

तिला मार्क किती पडले, आठवत नाही.
मी पलीकडच्या टेबलाशी उभा होतो,
माझ्या ट्राम-डेपोच्या देखण्या बागेजवळ,
आणि एकेका झाडाखाली
वाकून बघत होतो.