सहा अंश

मेडिकल चौकामागच्या इमारतीत
माझा पलंग डोक्याकडून सहा अंश खाली.
एकवीस दिवस. उशी नाही, उठणं नाही,
तर्री बंद, संत्र्याच्या फोडीही वजन करून,
आणि प्रत्येक लघवी मोजून.
पैसे बरे होते. जानेवारीत कूलर कोण दुरुस्त करतं?

पहिल्याच रात्री रक्त पाय सोडून निघालं
आणि छातीत येऊन दाटीवाटीनं बसलं.
नाक चोंदलं. आरशात तोंड असं,
की लग्नात जेवून झोपलेला मामा.
पिंढऱ्या मात्र बगळ्याच्या.
प्रणोती सिस्टर भांडं उजेडात धरून लिहायची :
दोन हजार तीनशे.
"पाणी तर तेवढंच पेलो,
हे कुठून येऊन राह्यलं बाप्पा?"

डॉक्टर रंभाड समजावत बसले :
हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो,
तो एक संप्रेरक सोडतो, मिठाला म्हणतो, नीघ;
पाणी धरून ठेवणारं मेंदूतलं दुसरं
तेवढ्यात गप्प होतं, आणि मूत्रपिंडाकडचं...
मी म्हटलं, थांबा साहेब. बॉलकॉक.

कूलरचा एक पाय विटेवर गेला
की पाणी गोळ्याच्या बाजूला चढतं,
त्याला वाटतं टाकी भरली.
टाकी भरलेली नसते. कललेली असते.
तिकडे कोपऱ्यात पंप कोरडा घरघरतो.
मानेवाड्यात अशा किती तक्रारी
मी नुसती वीट काढून मिटवल्यात.

डॉक्टर हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं.

मग लघवी उतरली. शरीरानं मानलं,
एवढंच रक्त पुरे, आता कुठं चढायचंय?
रात्री अजनी यार्डात डबे एकमेकांवर आदळायचे.
मी तरंगत नव्हतो, पडलो होतो,
पण रक्ताला फरक कळेना.
त्याच्या लेखी मी कधीच तिथं पोचलो होतो
जिथं चपला जमिनीवर थांबत नाहीत.

बाविसाव्या दिवशी फळीला बांधून उभं केलं.
चौथ्या मिनिटाला नाडी एकशे अडतीस,
खिडकीतला कडुनिंब राखाडी, मग काळा.
सिस्टरचा आवाज विहिरीतून :
"निनावे, डोळे उघडा."

उभं राहणं हे काम आहे,
चव्वेचाळीस वर्षांत कोणी बोललं नव्हतं.
कूलर खांद्यावर घेऊन जिने चढलो
तेव्हा आत कोणीतरी दर ठोक्याला
आणखी एक ओझं वर नेत होतं,
बिनमजुरीचं.

सिस्टरनं मीठ-साखरेचं पाणी पाजलं.
भांडं बाजूला सरकवत म्हणाली,
"आज मोजत नाही."