शेरा

दूध संघाच्या गॅरेजात एक वही आहे,
पुठ्ठ्यावर ग्रीसचा अंगठा, माझाच.
डावीकडं चालकाची तक्रार, उजवीकडं शेरा.

सात नोव्हेंबर. केबिनमध्ये वास.
खाजाभाईचं अक्षर त्याच्या टँकरसारखं,
चढाला हळू.
एकोणीस नोव्हेंबर. देवणी सोडली की डोकं जड.
तोंडानंही म्हणाला होता,
"आप्पा, खालून धूर येऊलालाय बघ."

मी बघितलं.
भर दुपारी, दोन्ही दारं सताड,
वारा आरपार.
वास होता डिझेलचा, आंबल्या दुधाचा, माझ्या घामाचा.
लिहिलं: तपासले. ठीक.
सहीची शेपटी जरा लांबच काढली.

पहाटे तीनला, उदगीरच्या थंडीत,
माणूस काच वर करतो
एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.
मफलर, कानटोपी, बंद काच,
गिअरच्या रबराखाली रुपयाएवढं भोक,
सायलेन्सरच्या जोडाला केसाएवढी चीर.
वासाच्या मागून ते येतं, ज्याला वास नसतो.
क्लीनरच्या रिकाम्या सीटवर
ते गावोगाव बसून आलं असणार,
कॅन मोजत.

वळणावर रस्ता वळला,
टँकर नाही वळला.
डांबरावर ब्रेकची रेघसुद्धा नव्हती.
बाभळीला टेकून आडवा पडला
आणि आठ हजार लिटर दूध काळ्या रानात.
उजाडलं तेव्हा तूर
पांढऱ्या पायांनी उभी होती.
आधी कुत्री आली, मग माणसं.

चेहरा गुलाबी होता.
जाहेदाभाभी दवाखान्याच्या पायरीवर म्हणाल्या,
"किती सालांनी झोप झाल्यावानी दिसूलालेत."

पोलिसानं लिहिलं, चालकाचा डोळा लागला.
संघानं लिहिलं, सदर चालकाची चूक,
सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.
माझं त्या दोघांच्याही आधीच लिहून झालेलं.
वही कुणी मागितली नाही.
मीही दिली नाही.

परवा लिंबराज, नवं पोरगं,
दुसऱ्या टँकरवरचं,
मिशीसुद्धा धड नाही, त्यानं लिहिलं:
केबिनमध्ये वास येतो.

रात्री गॅरेजात कुणी नव्हतं.
मी चढलो, दार लावलं,
दोन्ही काचा वर केल्या,
चावी फिरवली
आणि वही मांडीवर घेऊन बसलो,
उजवीकडचा रकाना कोरा.

कपाळाच्या आत काहीतरी हळूहळू भरूलालंय.
काचेवर पोरगं बाहेरून
टकटक टकटक करूलालंय.