चाचणीपुरतं खातं

झुगदिदीत, हेझलनटच्या गोदामामागच्या खोलीत
नानुलीबाईंचा कॉम्प्युटर रोज सकाळी
पासवर्ड घेतो आणि गप्प बसतो.
निळा पडदा, मधोमध गरगरणारं चक्र,
माऊस हलतो, बाकी काही नाही.
"मेलाय का?" त्यांनी विचारलं.
मी गोचा. अठरा वर्षं हेच करतोय,
मेलंय असं लगेच कुणाला सांगत नाही.

डिस्क तपासली. ठीक.
मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या,
परत बसवल्या. ठीक.
पंख्यातून टरफलांचा मूठभर भुगा निघाला,
तोही निर्दोष.
मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं:
नवीन खातं उघडलं.
नाव मागितलं तेव्हा 'कुणीतरी' असं टाइप केलं.

कुणीतरी नऊ सेकंदांत आत.
लख्ख पडदा, कोपऱ्यात कचऱ्याची टोपली,
तीही रिकामी.
यंत्र धडधाकट आहे, मी म्हणालो,
दुखणं तुमच्या नावात आहे.
आणि जीभ चावली.

त्या खुर्ची ओढून बसल्या.
"माझी बिलं?"
जुन्या खात्यात.
"नातीचे फोटो?"
तिकडेच.
"मग हे कुणाचं आहे?"

दुपारभर बिऱ्हाड हलवलं, एकेक फोल्डर,
दर वेळी बाहेर पडून पुन्हा आत.
हिशेब आणले, चाललं. फोटो आणले, चाललं.
फॉन्ट आणले
आणि कुणीतरीही गप्प झाला.

एकच फाइल. नाव बोंदो,
तारीख वीस वर्षांपूर्वीची.
बोंदो म्हणजे त्यांचे यजमान, शाळेत चित्रकला शिकवायचे.
त्यांच्याकडच्या फॉन्टात घरच्या बोलीची,
मेग्रेलीची, दोन अक्षरं नव्हती.
त्यांनी एक हिवाळा बसून ती काढली:
एक धड स्वरही नाही असा स्वर,
दुसरं घशातच अडकतं.
फाइल नेमकी त्या दुसऱ्यापाशी फाटली होती.

"काढून टाकू?"
बाहेर ट्रक मागे येत होता, पिपाणी वाजवत.
तो थांबेपर्यंत त्या बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "बिलांसाठी तुझा तो कुणीतरी राहू दे.
जुनं पुसू नकोस."
ते उघडणार नाही, बाई.
"माहितेय. पासवर्ड तर घेतं ना?"

तीस लारी झाले. त्यांनी पन्नासची नोट दिली,
सुट्टे उद्या आणतो म्हटलं.
निघताना दारातून पाहिलं:
जुन्या नावावर क्लिक करून
त्या सावकाश टाइप करत होत्या,
आणि एका अक्षरापाशी
बोट थांबलं होतं.