ओल्या फडक्याचा आकडा

मकरपुऱ्यात, फाउंड्रीच्या भिंतीवर दोन पारे होते.
एक कोरडा. दुसऱ्याच्या बुडाशी ओलं मलमल,
माझ्याच जुन्या ओढणीची चिंधी.
शुक्रवारी दुसरा फुटला.

तेव्हापासून अंदाज, वहीच्या मागच्या पानावर.
मे महिन्यात बेचाळीस, दमटपणा वीस:
ओला पारा चोविसाच्या आसपास.
आज अडतीस, दमटपणा पंचावन्न:
तीस.

हसितभाई मोबाइल पुढे करतात,
"चार डिग्री उतरलं की, बेन!"
उतरलं. पण विश्वामित्रीवर ढग येऊन बसलेत,
हवेची भांडी आधीच काठोकाठ,
आमचा घाम ती ठेवणार कुठे?

त्यांना माठाचं सांगितलं.
मे महिन्यात दात शिवशिवायचे,
आता त्यातलंच पाणी कोमट लागतं.
माणूसही झिरपूनच गार होतो, शेठ.
म्हणाले, माठ बदलून टाका.

भट्टीपाशी सोमला राठवा
शर्ट काढतो, पिळतो, तोच घालतो.
"बसा जरा," म्हटलं तर म्हणतो,
बसलं की जास्त होतं.

वहीत तीस लिहिलेलं खोडलं, एकतीस केलं.
खोटं नव्हे. तीस अंगणातलं होतं,
भट्टीशेजारचं कोणी मोजलंय?
एकतिसाला काम बंद, हा नियम
दोन वर्षांपूर्वी मीच टाइप केला होता.
सही हसितभाईंची. वाचला कोणीच नव्हता.

पावणेबाराला भोंगा दाबला.
सोमलानं हातमोजा काढून घड्याळ पाहिलं,
मग माझ्याकडे:
"जेवायला? इतक्यात?"